युद्धाची बातमी आणि सरकारी निवेदन: नगरच्या किल्ल्यापासून आजपर्यंत

नगरला लष्कर नवीन नाही. भिंगारची छावणी, आर्मर्ड कोअरचे प्रशिक्षण केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र, खारे कर्जुन्याकडच्या के. के. रेंजवरचा तोफांचा सराव हे सगळे इथल्या रोजच्या जगण्यात मुरलेले आहे. जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी फौजेशी असलेले नाते तेच आहे. सीमेवर काही घडले की इथल्या अनेक घरांत बातमी नुसती ऐकली जात नाही, ती तोलली जाते. ‘किरकोळ नुकसान’ म्हणजे किती? ‘चोख प्रत्युत्तर’ म्हणजे नेमके काय झाले?

असे प्रश्न विचारणे देशद्रोह आहे का? आणि प्रत्येक निवेदन खोटेच धरून चालणे शहाणपणाचे आहे का? दोन्हीचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. युद्धकाळातले लष्करी निवेदन हा लढाईचाच एक भाग असतो, कारण ते आपल्या आधी शत्रू वाचतो. म्हणून ते खोटेच असेल असे नव्हे, पण पूर्ण असेल असेही नव्हे. ते कसे तयार होते, कुठे फुगते, कुठे गप्प राहते आणि वाचणाऱ्याने त्यात काय शोधावे, याची ही मांडणी.

किल्ल्यात पुढारी, बाहेर सेन्सॉर

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले. नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष, सय्यद महमूद आणि हरेकृष्ण महताब या बारा जणांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणले. त्यांना कुठे ठेवले आहे हे सरकारने जाहीर केले नाही. खुद्द कैद्यांना सुरुवातीचे काही दिवस वर्तमानपत्रही मिळत नव्हते. रेल्वेने आणून उतरवलेले बारा नामवंत पुढारी एका जिल्ह्याच्या गावात किती काळ गुप्त राहणार, हा प्रश्न सरकारला पडला नसावा. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आणि आझादांचे ‘गुबारे खातिर’ ही पुस्तके याच किल्ल्यात लिहिली गेली.

तेव्हा महायुद्ध चालू होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. अभेद्य म्हणून ज्याचे ढोल वाजवले होते ते सिंगापूर जपान्यांच्या हाती गेले, तरी अधिकृत बातमीपत्रांतून फौजा ‘ठरल्याप्रमाणे’ मागे येतच होत्या. ब्रह्मदेशातून पायी आलेले निर्वासित मात्र वेगळीच हकिगत सांगत होते. सरकारी शब्द आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट यांत अंतर पडले की लोक दुसरीकडे कान लावतात. ठिकठिकाणी बर्लिन आणि टोकियो रेडिओ चोरून ऐकले जाऊ लागले ते यामुळे.

४२.३४ मीटरवरचा आवाज

पुढारी किल्ल्यात गेल्यावर चळवळ भूमिगतांच्या हाती आली. त्यांच्यातले एक प्रमुख नाव नगरचेच होते, अच्युतराव पटवर्धन. ऑगस्टअखेरीस मुंबईत ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू झाला. २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी तो चालवत. राममनोहर लोहिया, अच्युतराव आणि इतर भूमिगत नेते त्यामागे उभे होते. हे केंद्र ४२.३४ मीटरवर ऐकू येई. पोलिसांना माग लागू नये म्हणून त्याची जागा वरचेवर बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी छापा घातला आणि तो आवाज बंद झाला.

जेमतेम अडीच महिने चाललेल्या या केंद्राची खरी कमाई घोषणांपेक्षा बातम्यांत होती. चितगावावरचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातला उठाव, चिमूर-आष्टीतले अत्याचार, अशा ज्या गोष्टी सेन्सॉरमुळे वर्तमानपत्रांत येत नव्हत्या किंवा आल्याच तर कापून येत होत्या, त्या इथे ऐकायला मिळत.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. काँग्रेस रेडिओ हाही लढणाऱ्या एका बाजूचाच आवाज होता. लोकांचा धीर टिकवणे हे त्याचे काम होते. सरकारी निवेदनाला लावायची चाळणी त्यालाही लावावी लागते. आपल्या बाजूचा म्हणून कोणाला सूट नाही.

चिमूर: इन्कार, उपोषण आणि बंद छापखाने

आजच्या महाराष्ट्रात सरकारी निवेदनाला सर्वांत थेट आव्हान मिळाले ते चिमूरवरून. १६ ऑगस्ट १९४२ ला तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या या गावात मोर्चा निघाला, गोळीबार झाला, जमावाने काही सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. त्यानंतर गावात लष्कर आणि पोलीस आले. घरांची लूट झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले, अशा तक्रारी बाहेर येऊ लागल्या. डॉ. बा. शि. मुंजे गावात जाऊन आले, नागपूरच्या स्त्री-कार्यकर्त्यांनी बायकांच्या हकिगती ऐकल्या. मध्य प्रांताच्या सरकारने आरोप निराधार ठरवले आणि चौकशीला नकार दिला.

सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भणसाळी दिल्लीला गेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा बापूजी अणे होते. यवतमाळच्या, म्हणजे विदर्भातल्याच या माणसाने चिमूरची दखल घ्यावी, अशी भणसाळींची मागणी होती. ती मान्य झाली नाही आणि त्यांनी उपोषण आरंभले. सरकारने त्यांना दिल्लीतून परत पाठवले आणि उपोषणाच्या बातम्या छापायलाच बंदी घातली.

इथे वर्तमानपत्रे आडवी आली. अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेच्या हाकेवरून ६ जानेवारी १९४३ ला देशातल्या बहुतेक पत्रांनी अंक काढला नाही. सरकारी गोटातली परिपत्रके आणि नववर्षाच्या किताबांची यादी छापायचेही त्यांनी नाकारले. सरकारला आपला शब्द लोकांपर्यंत न्यायला हीच पत्रे लागत होती, हे त्यातून दिसले. १२ जानेवारीला बंदी उठली आणि ६३ दिवसांनी भणसाळींचे उपोषण सुटले.

मागितलेली स्वतंत्र चौकशी मात्र झाली नाही. आज चिमूरबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते गावात जाऊन आलेल्यांनी लिहून ठेवले म्हणून. सरकारी निवेदनावर विसंबलो असतो, तर ‘आरोप निराधार’ एवढेच हाती राहिले असते.

निवेदन तयार कसे होते

आघाडीवरचा अधिकारी आपल्या वरिष्ठाला जे कळवतो आणि संध्याकाळी आपण टीव्हीवर जे ऐकतो, त्यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. पलटणीचा अहवाल ब्रिगेडकडे जातो, तिथून डिव्हिजनकडे, पुढे कमांडकडे आणि शेवटी दिल्लीत मुख्यालयात. प्रत्येक पायरीवर तो आखूड होतो. मग त्यातले काय सांगायचे हे ठरते. त्या वेळी चार गोष्टी पाहिल्या जातात: शत्रूला काय कळू द्यायचे नाही, जवानांचे मनोबल, घरच्यांना आधी कळवणे आणि परराष्ट्र खात्याची भूमिका.

यांतली पहिली आणि तिसरी कारणे पटण्यासारखीच आहेत. कुठले विमान कुठून उडाले हे कोणी जाहीर करणार नाही. मुलगा गेल्याचे आईला टीव्हीवरून कळावे असेही कोणाला वाटणार नाही. अडचण येते ती चारही कारणे एकाच पडद्यामागे उभी असतात म्हणून. सुरक्षेसाठी झाकलेले कोणते आणि नामुष्की टाळायला झाकलेले कोणते, हे बाहेरून ओळखता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची हे लष्कराला जितके ठाऊक, तितकेच मंत्र्यालाही.

आकडे का फुगतात

शत्रूच्या नुकसानीचा फुगलेला आकडा हा बहुधा ठरवून बोललेला खोटेपणा नसतो. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटनने एका दिवसात १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर केले. युद्धानंतर जर्मन कागद तपासले, तेव्हा आकडा साठच्या आसपास निघाला. वैमानिक खोटे बोलत नव्हते. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या आणि तिघांनीही ते आपल्या नावावर धरले. धूर सोडत खाली गेलेले विमान पडलेच असे समजले गेले. तपासायला वेळ नव्हता आणि तपासायची कोणाला घाईही नव्हती.

१९६५ च्या युद्धात पाकिस्तानने शंभराहून अधिक भारतीय विमाने नष्ट केल्याचा दावा केला. आपल्या संरक्षण खात्याच्या इतिहास विभागाने नंतर तयार केलेल्या इतिहासात भारताची ५९ विमाने गेल्याची नोंद आहे, आणि त्यांतली बरीच पठाणकोट आणि कलाईकुंडासारख्या तळांवर जमिनीवरच नष्ट झाली. म्हणजे पाकिस्तानचा दावा फुगलेला होता आणि आपले नुकसानही लहान नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आपल्याकडे यांतली एकच ऐकायची सवय आहे.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात या विषयाचा एक धडा उघड्यावर उभा आहे. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात पॅटन रणगाडा पाहायला मिळतो. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तरच्या लढाईत ऊस आणि पाणी भरलेल्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन अडकले आणि आपल्या तोफखान्याने, सेंच्युरियन रणगाड्यांनी आणि अब्दुल हमीदसारख्या जवानांनी ते टिपले. पकडलेले आणि टाकून दिलेले रणगाडे मग भिखीविंडजवळ ओळीने मांडले गेले, त्या जागेला लोक ‘पॅटन नगर’ म्हणू लागले. परदेशी पत्रकार तिथे जाऊन मोजू शकत होते. असल उत्तरच्या विजयाबद्दल वाद राहिला नाही तो त्यामुळे. ‘उद्ध्वस्त केले’ या दाव्यावर शंका घेता येते. पकडून आणलेल्या रणगाड्याला मात्र कोणीही हात लावून पाहू शकतो.

गप्प राहणे आणि खोटे बोलणे

या दोहोंत फरक आहे आणि तो मोठा आहे. महाभारतातल्या ‘नरो वा कुंजरो वा’पासून आपण तो ओळखतो. शब्द खरे ठेवून समज चुकीचा करून द्यायचा, ही तिसरी वाटही तिथेच दिसते.

सरळ खोट्याचे ठळक उदाहरण जपानचे. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. इंपीरियल मुख्यालयाने एक बुडाल्याचे आणि एकीचे नुकसान झाल्याचे सांगून विजय जाहीर केला. परतलेल्या जखमींना लोकांपासून दूर ठेवले. पुढे जपानी भाषेत त्या मुख्यालयाच्या निवेदनांचे नाव म्हणजे धादांत खोटी सरकारी बातमी, असाच अर्थ रूढ झाला.

कारगिलच्या वेळी १९९९ मध्ये वर चढलेले मुजाहिदीन आहेत, आमचे सैनिक नाहीत, असे पाकिस्तान सांगत राहिला. आपल्या सैनिकांचे मृतदेह घ्यायलाही त्याने सुरुवातीला नकार दिला. भारतीय जवानांनी त्यांतल्या अनेकांचे इतमामाने दफन केले. नंतर त्याच लढाईतल्या कॅप्टन कर्नल शेर खान आणि हवालदार लालक जान यांना पाकिस्तानने निशान-ए-हैदर हा सर्वोच्च सन्मान दिला. २०१० मध्ये पाकिस्तानी लष्कराच्या संकेतस्थळावर कारगिलमध्ये मारल्या गेलेल्या ४५३ जणांची नावे आली. जे सैनिक तिथे नव्हतेच, त्यांना पदके द्यावी लागली.

आपल्याकडे दाखला घ्यायचा तर १९७१ च्या ‘गाझी’चा घेता येईल. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री पाकिस्तानची ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. ‘आयएनएस राजपूत’ने तिला बुडवले, असे भारतीय नौदलाने काही दिवसांनी जाहीर केले. पाकिस्तानच्या मते तो आतला स्फोट किंवा स्वतःच पेरलेल्या सुरुंगांचा अपघात होता. आपल्याकडच्या अभ्यासकांतही याबद्दल आजवर एकमत नाही. गाझी बुडाली आणि बंगालच्या उपसागरातला धोका टळला, हे निर्विवाद आहे. कोणी बुडवली, हा दावा आहे. घटना आणि श्रेय एकाच वाक्यात सांगितले जातात, तेव्हा वाचणाऱ्याने ती वेगळी करायची असतात.

यशवंतरावांचे निवेदन आणि बंद अहवाल

१९६२ च्या पराभवानंतर कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा म्हटले गेले. पराभवाची लष्करी कारणे शोधायला लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांना नेमले होते. त्यांच्या निष्कर्षांवर चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत निवेदन केले. प्रशिक्षण, सामग्री, हुकमतीची व्यवस्था, जवानांची शारीरिक तयारी आणि सेनाधिकाऱ्यांची क्षमता, या अंगांनी ते दोषांबद्दल बोलले. पराभवानंतर वर्षभराच्या आत संसदेत एवढे सांगितले जाणे ही साधी गोष्ट नव्हती.

मूळ अहवाल मात्र सहा दशके उलटून गेली तरी सरकारने खुला केलेला नाही. २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी त्यातला मजकूर आजही संवेदनशील असल्याचे संसदेत सांगितले. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग प्रसिद्ध केला. म्हणजे बाहेरच्या माणसाकडून फुटलेला भाग जगाला वाचता येतो, आणि ज्यांची मुले त्या बर्फात गेली त्या लोकांना तो सरकारकडून मिळत नाही.

याउलट कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने केलेला आढावा काही भाग वगळून प्रसिद्ध झाला, आणि त्यातून व्यवस्थेत बदलही झाले. चूक मान्य केल्याने फौज दुबळी झाली नाही.

२०२५: निवेदन संयत, स्टुडिओ बेभान

७ मे २०२५ ला पाकिस्तानविरुद्धची ‘ऑपरेशन सिंदूर’ ही लष्करी कारवाई झाली. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांनी दिलेली माहिती मोजक्या शब्दांत होती. त्याच दिवसांत काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले. तसे काही झाले नव्हते आणि सरकारने तसे म्हटलेही नव्हते. लोकांच्या डोक्यात मात्र दोन्ही एकत्र झाले.

नुकसानीबद्दलची माहिती टप्प्याटप्प्याने आली. ११ मे रोजी एअर मार्शल ए. के. भारती म्हणाले की नुकसान हा लढाईचा भाग असतो, तपशील आता देणार नाही. ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी विमाने गमावल्याचे मान्य केले, आकडा दिला नाही, पण सहा विमानांचा पाकिस्तानी दावा फेटाळला. ९ ऑगस्टला हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी पाकिस्तानची पाच लढाऊ विमाने आणि एक मोठे विमान पाडल्याचे सांगितले. पाकिस्तानने ते नाकारले. भारतींचे उत्तर हे प्रामाणिक गप्पपणाचे उदाहरण आहे. ‘सांगणार नाही’ म्हणणे ‘काहीच झाले नाही’ म्हणण्यापेक्षा केव्हाही बरे. पण पहिली स्पष्ट कबुली संसदेत न येता परदेशी माध्यमांच्या मुलाखतींतून आली, ही बाब खटकणारीच आहे.

निवेदन हाती आले की काय पाहावे

१. कोण बोलते आहे? लष्कराचा अधिकृत प्रवक्ता, मंत्री, ‘सूत्रे’ की वाहिनीचा निवेदक? ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ हे निवेदन नव्हे.

२. घटना कोणती आणि दावा कोणता? हल्ला झाला ही घटना. इतके मारले हा दावा.

३. आकडा मोजला कसा? छायाचित्र, उपग्रहचित्र, पकडलेली सामग्री, नावांची यादी यांपैकी काही आहे का?

४. काय सांगितलेले नाही? शत्रूच्या नुकसानीचा तपशील आणि आपल्याबद्दल मौन असेल, तर त्या मौनाची नोंद करून ठेवावी. लगेच अर्थ लावू नये.

५. समोरची बाजू काय म्हणते? दोन्ही बाजू ज्यावर सहमत आहेत तेवढे बहुधा खरे असते. एखादी बाजू स्वतःच्या गैरसोयीचे मान्य करते, तेव्हा त्याला अधिक वजन द्यावे.

६. पुढच्या आठवड्यात काय बदलले? पहिले चोवीस तास सर्वांत कच्चे असतात. जुने निवेदन जपून ठेवून नव्याशी ताडून पाहावे.

७. ही माहिती पुढे पाठवल्याने कोणाचे नुकसान होईल का? लष्करी ताफ्याचा व्हिडिओ टाकणे ही चिकित्सा नव्हे. छावणीच्या गावात तर हे भान अधिक हवे.

प्रश्न विचारणे म्हणजे जवानाचा अपमान?

हा आक्षेप नेहमी येतो. खरी गोष्ट अशी की अपुऱ्या निवेदनाची किंमत सर्वांत आधी जवान आणि त्याचे घर मोजते. १९७१ पासून बेपत्ता असलेल्या ५४ जणांची कुटुंबे दशकानुदशके दिल्लीचे उंबरे झिजवत आली. ते आपल्या कैदेत नाहीत, असे पाकिस्तान म्हणतो. आपल्या सरकारला ते मान्य नाही. अशा घरांना घोषणा नको असतात, कागद हवे असतात.

कागद मिळण्याची वाटही आहे. सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा आहे. जून २०२१ मध्ये संरक्षण खात्याने धोरण जाहीर केले. त्यानुसार युद्धाचा इतिहास पाच वर्षांत लिहून व्हावा आणि कागदपत्रे साधारणपणे २५ वर्षांत खुली व्हावीत. माहिती अधिकारात देशाच्या सुरक्षेसाठी कलम ८ ची सूट आहे, आणि ती असायलाही हवी. मात्र त्या सुटीचा आधार घेऊन १९६२ चा कागद आजही दाबून ठेवणे पटत नाही.

लढाई चालू असताना लष्कराला गप्प राहण्याचा हक्क द्यावा. लढाई संपल्यावर तो हक्कही संपला पाहिजे. आपल्या भागातल्या खासदारांना एवढे एकच विचारा: २५ वर्षे उलटून गेलेल्या कारगिलचे आणि त्याआधीच्या युद्धांचे कागद खुले कधी करणार? उत्तर लेखी मागा.